वूचमध्ये राहायला या, घरे अडवायला येऊ नका!



परदेशात एक फ्लॅट घेऊन ठेवा, भाडे युरोपातून येत राहील, असे सांगणारा माणूस आज ना उद्या तुमच्यापर्यंत पोहोचेल. त्याच्या मोबाइलवर पोलंडमधल्या वूच शहराची चित्रे असतील. लाल विटांची जुनी गिरणी, पुरुषभर उंचीच्या खिडक्या, आत चकचकीत स्वयंपाकघर. तो सांगेल की वॉर्सा रेल्वेने जवळ आहे, शहराच्या मधोमध नवे भुयारी स्टेशन झाले आहे, वॉर्सा आणि वूच यांच्यामध्ये मोठा विमानतळ होऊ घातला आहे, आणि तरीही इथला भाव वॉर्सापेक्षा बराच कमी आहे. परवानगी लागत नाही, घरपट्टी नाममात्र आहे, थांबलात तर भाव चढणारच.

यातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच हे पत्रक काढावे लागले.

आम्ही या शहरात भाड्याने राहणारी मराठी माणसे आहोत. कोणी वैद्यकीय विद्यापीठात शिकते, कोणी तंत्रज्ञान विद्यापीठात, कोणी परदेशी कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या कार्यालयांत रात्रपाळी करते. आमचे सांगणे सरळ आहे. ज्या घरात तुम्ही राहणार नाही, ते केवळ भाव चढेपर्यंत अडवून ठेवू नका. तो चढणारा भाव तुमच्या कर्तबगारीचा नसतो. तो दुसऱ्यांच्या पैशाने वाढलेला असतो आणि बऱ्याचदा दुसऱ्यांना जागेवरून हलवून वाढलेला असतो.

आधी हे शहर कोणी उभे केले ते ऐका. १८२० मध्ये इथे आठशे माणसेही नव्हती. त्या वर्षी तेव्हाच्या पोलिश राज्याच्या सरकारने या गावाला कापडधंद्याची वसाहत ठरवले, आणि पहिले महायुद्ध येईपर्यंत वस्ती पाच लाखांच्या घरात गेली. गायर, शायब्लर, ग्रोमान, पोझ्नान्स्की ही गिरणीमालकांची नावे आजही इमारतींवर आहेत. शायब्लरने क्शेंझी म्विन भागात दोनशे मीटरहून लांब सूतगिरणी बांधली आणि तिच्या समोर कामगारांसाठी विटांच्या चाळींच्या रांगा उभ्या केल्या. त्यांना इथे फामुवी म्हणतात. एका कुटुंबाला एक खोली, फार तर एक खोली आणि स्वयंपाकघर. संडास बाहेर, कोळसा ठेवायची कोठीही बाहेर. परळ-लालबागच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १८९२ चा संप रशियन सैन्याने रक्त सांडून मोडला. १९०५ च्या जूनमध्ये याच रस्त्यांवर कामगारांनी मोर्चेबंदी उभारली आणि त्यांच्यावर पुन्हा गोळ्या चालल्या.

या शहरात पोलिश, ज्यू आणि जर्मन शेजारी-शेजारी राहत होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी साधारण दर तीन माणसांमागे एक ज्यू होता. नाझींनी १९४० मध्ये शहराच्या उत्तरेकडच्या बावुती भागात ज्यूंची वस्ती कुंपण घालून बंद केली. सुमारे दोन लाख माणसे त्या कुंपणाआड ढकलली गेली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये उरलेल्यांना आउश्वित्झला पाठवण्यात आले. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य शहरात शिरले तेव्हा वस्तीत हजार माणसेही जिवंत नव्हती. माणसे गेली, घरे राहिली. पुढे बरीच घरे सरकारजमा झाली आणि त्या मालकीचा पूर्ण निवाडा करणारा सर्वंकष कायदा पोलंडने आजवर केलेला नाही. ‘युद्धपूर्व काळाची मोहिनी’ अशा शब्दांत जुन्या इमारतीतला फ्लॅट तुम्हाला विकला जात असेल, तर त्या घरात १९३९ पर्यंत कोण राहत होते हे विचारण्याची हिंमत ठेवा.

आता ओग्रोदोवा रस्त्यावर या. एका बाजूला पोझ्नान्स्कीची अवाढव्य गिरणी, समोरच्या बाजूला त्याच गिरणीच्या कामगारांच्या चाळी. साम्यवादी काळात गिरणी सरकारी झाली आणि तिला साम्यवादी पुढारी मार्ख्लेव्स्की यांचे नाव मिळाले. डिसेंबर १९७० मध्ये सरकारने अन्नधान्याचे भाव वाढवले. बाल्टिक किनाऱ्यावरचे गोदीकामगार उठले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, सत्ताधारी पक्षाचा नेता बदलला. पण भाववाढ तशीच राहिली. ती मागे घ्यायला लावली वूचच्या गिरण्यांतल्या बायकांनी. फेब्रुवारी १९७१ मध्ये मार्ख्लेव्स्की गिरणीतून संप सुरू झाला आणि शहरभर पसरला. पंतप्रधान यारोशेविच यांना स्वतः वूचला येऊन या बायकांसमोर उभे राहावे लागले. दिवसभर मागावर उभे राहायचे, सुटल्यावर मांसाच्या रांगेत उभे राहायचे आणि तरी पोरांच्या ताटात काही पडत नाही, हे बायकांनी यारोशेविच यांच्या तोंडावर सांगितले. काही दिवसांतच भाववाढ रद्द झाली. सगळ्या देशाचे अन्न स्वस्त झाले ते या बायकांमुळे.

१९८९ नंतर सोव्हिएत बाजारपेठ गेली आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्याच बायका, काही चाळिशीच्या, काही पन्नाशीच्या, रस्त्यावर आल्या. मे २००६ मध्ये पोझ्नान्स्कीच्या गिरणीच्या जागेवर एका फ्रेंच कंपनीने ‘मानुफाक्तुरा’ नावाचे खरेदी-करमणुकीचे संकुल उघडले. गिरणी पाडली नाही, विटा जपल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. २००९ मध्ये तिथल्या सूतखात्यात चार ताऱ्यांचे हॉटेल सुरू झाले. रस्त्याच्या पलीकडच्या चाळींत मात्र तेव्हाही लोक कोळशाच्या शेगडीवर हिवाळा काढत होते. परदेशी भांडवलाने शहर वाचवले असे जो म्हणतो, त्याने या रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. भांडवल एका बाजूला आले आणि तिथेच थांबले.

दुसऱ्या बाजूचे काम करावे लागले ते महापालिकेला आणि युरोपीय संघाच्या निधीला. आमच्या तक्रारीचे मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा. २०११ मध्ये महापालिकेने स्वतःच्या मालकीच्या शंभर जुन्या इमारती दुरुस्त करण्याची योजना काढली. २०१५ मध्ये संसदेने पुनरुज्जीवनाचा वेगळा कायदा केला आणि त्यानंतर शहराच्या मध्यभागाचे तुकडे पाडून एकेका भागाचे काम सुरू झाले: रस्ते, अंगणे, छपरे, नळ, संडास, गरम पाण्याच्या वाहिन्या. १९०७ च्या जुन्या वीजघराचे, शाळकरी मुले जिथे विज्ञान शिकतात असे केंद्र झाले. ११ डिसेंबर २०१६ रोजी भुयारी फाब्रिचना स्टेशन सुरू झाले. पुढे त्या स्टेशनाला जोडणारा रेल्वेचा बोगदा शहराच्या पोटातून खणायला घेतला. हे सारे जनतेच्या पैशातून झाले. पोलिश करदात्याच्या, जर्मन-डच करदात्याच्या, आणि इथे कर भरणाऱ्या आमच्याही.

त्या बोगद्याची किंमत पैशाखेरीज आणखी कशात मोजली गेली तेही सांगतो. खोदकाम घरांखालून जाणार म्हणून रहिवाशांना सामान बांधून बाहेर काढावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये १ मे नावाच्या रस्त्यावर यंत्र खालून जात असताना एक जुनी इमारत ढासळली. माणसे आधीच हलवली होती म्हणून जीव वाचले, पण घर गेले. जाहिरातीत मात्र एवढीच ओळ असते: ‘नव्या भुयारी मार्गापासून पाच मिनिटांवर.’

पुनरुज्जीवनाच्या कामासाठीही भाडेकरूंना हलवावेच लागते. दुसरीकडे तात्पुरती खोली मिळते आणि काम झाल्यावर परत या असे सांगितले जाते. काही वर्षांनी घर तयार होते तेव्हा भाडे वाढलेले असते, मुलांची शाळा बदललेली असते, म्हातारी आई गेलेली असते. काही कुटुंबे परततात, काही परतत नाहीत. आणि शेजारच्या खासगी इमारतीत, जिथे महापालिकेचे बंधन नाही, तिथे चांगल्या झालेल्या रस्त्याचा सगळा लाभ मालकाच्या खिशात जातो. रस्ता जनतेने केला, भाव मालकाचा वाढला. तो वाढीव भाव विकत घ्यायला आणि आणखी वाढवायला तुम्हाला बोलावले जात आहे.

बाहेरच्या माणसाला इथे फ्लॅट घेणे इतके सोपे का आहे? २४ मार्च १९२० चा एक पोलिश कायदा आजही लागू आहे. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या माणसाला इथे जमीन किंवा स्वतंत्र घर घ्यायचे तर गृहमंत्र्यांची परवानगी लागते. पण स्वतंत्र फ्लॅटला, सीमाभाग सोडला तर, ती लागत नाही. म्हणजे वूचमध्ये बंगल्यासाठी परवानगी मागावी लागेल आणि फ्लॅट मात्र हवे तितके घेता येतील. रिझर्व्ह बँक भारतातल्या एका रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देते. चौघांच्या घरातून दहा लाख डॉलर जाऊ शकतात. एवढ्यात इथे एक नव्हे, अनेक फ्लॅट येतात.

आणि घरपट्टी? पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट असणाऱ्यांनी आपले बिल समोर ठेवून हे वाचावे. पोलंडमध्ये निवासी मालमत्तेचा कर किमतीवर नसतो, चौरस मीटरवर असतो, आणि त्याची कमाल मर्यादा २०२५ साठी चौरस मीटरला वर्षाला १ झ्लॉटी १९ ग्रॉश एवढीच होती. चाळीस मीटरच्या फ्लॅटला त्या वर्षी पन्नास झ्लॉटीही नव्हत्या, आपले हजार-अकराशे रुपये. फ्लॅट राहता असो वा बंद, एकच असो वा दहावा, दर तोच. २०२४ पासून एकाच प्रकल्पातला सहावा आणि त्यापुढचा फ्लॅट घेणाऱ्याला सहा टक्के खरेदी कर लावला आहे. पाच घेऊन थांबणाऱ्याला तो लागत नाही, आणि पुढचे पाच शेजारच्या प्रकल्पात घेता येतात. घर बंद ठेवण्याचा खर्च जवळपास शून्य असेल तर घरे बंद राहणारच. संध्याकाळी नव्या इमारतींसमोरून जाताना आम्ही अंधाऱ्या खिडक्या पाहतो, आणि त्याच वेळी आमच्यातला कोणी नवा आलेला विद्यार्थी तिघांत एक खोली शोधत फिरत असतो.

भाडेकरूंची बाजूही समजून घ्या, कारण तुमच्या फ्लॅटमध्ये कदाचित आमच्यासारखाच कोणी राहील. इथे घरमालक हल्ली ज्या खास करारावर सही मागतात, त्यात भाडेकरूने नोटरीपुढे लिहून द्यायचे असते की मुदत संपली की मी विनातक्रार निघेन. निघाल्यावर कुठे राहीन त्या दुसऱ्या घराचा पत्ता आणि त्या घराच्या मालकाची संमतीही जोडायची. ज्याचे आजोळ-माहेर याच देशात आहे त्याला ते जमते. साताऱ्याहून आलेल्या मुलीने दुसरे घर कुठून आणायचे? मग मध्यस्थ पैसे घेऊन ‘पत्ता’ पुरवतात. विदेशी मालक इथे राहत नाही, फोन उचलत नाही. त्याचा एजंट डिपॉझिट घेताना लगेच हजर होतो आणि नळ फुटला की सापडत नाही. हे आम्ही सोसले आहे.

भाडेकरू इथे गप्प का राहतात हेही सांगायला हवे. वॉर्सात योलांता ब्झेस्का नावाची बाई आपल्या इमारतीतल्या भाडेकरूंसाठी लढत होती. मार्च २०११ मध्ये तिचा जळालेला मृतदेह शहराच्या कडेच्या जंगलात सापडला. आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही. ती घटना वूचची नव्हे, पण तिचे नाव पोलंडमधल्या प्रत्येक भाडेकरू चळवळीत घेतले जाते.

आता तुमच्या मनात येणारे आक्षेप.

‘तुम्ही स्वतः परदेशी, आणि परदेशी खरेदीदारांना विरोध करता?’ आमचा विरोध पासपोर्टला नाही. पोलंडमध्ये फ्लॅट घेणाऱ्या विदेशी लोकांत सर्वांत वरचा क्रमांक युक्रेनियनांचा आहे आणि त्यातली फार मोठी संख्या राहण्यासाठी घेते. युद्धाने घर सोडायला लावलेल्या माणसाने इथे घर केले तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. वॉर्सातला पोलिश धनिक वूचमध्ये सात फ्लॅट कुलूपबंद ठेवतो, तो आम्हाला त्या युक्रेनियन कुटुंबापेक्षा कितीतरी जास्त नुकसानकारक वाटतो. या देशात परकीयांवर राग काढणारे राजकारण आधीच पुरेसे आहे; त्याला आमच्या पत्रकातला एक शब्दही वापरू देणार नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या घरात कोणी राहणार आहे का.

‘शहर तर रिकामे होत आहे, मग घरांची टंचाई कशी?’ हे खरे की १९८० च्या दशकाच्या अखेरीस साडेआठ लाख असलेली वस्ती आता साडेसहा लाखांच्या आसपास आली आहे. पण रिकामी झालेली घरे कोणती? ज्यांत संडास नाही, ज्यांचे छप्पर गळते, ज्यांत कोळसा जाळावा लागतो ती. महापालिकेकडे दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या अशा खोल्या पुष्कळ आहेत. राहण्याजोगी घरे मात्र दहा वर्षांत दुपटीहून महाग झाली. माणसे कमी झाली म्हणून त्यांची घराची गरज भागली असे होत नाही. आणि हाच आकडा तुम्हीही नीट पाहा. जिथली वस्ती दरवर्षी घटते तिथे मागणी वाढतच जाणार, हे दलाल कशाच्या जोरावर सांगतो? २०२५ मध्ये वूचच्या बाजारात न विकलेल्या नव्या फ्लॅटांचा साठा विक्रीच्या मानाने फुगला होता. २००७-०८ च्या तेजीतही असेच बोलले जात होते. स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेऊन फ्लॅट घेतलेल्या हजारो पोलिश कुटुंबांची पुढे काय गत झाली, ते त्यांची न्यायालयीन प्रकरणे सांगतात.

‘पैसा आला नसता तर गिरण्या कोसळल्या असत्या.’ काही कोसळल्या असत्या, मान्य. शायब्लरच्या सूतगिरणीत परदेशी बिल्डरने लॉफ्ट केले, ती इमारत उभी राहिली. पण इमारत वाचवणे वेगळे आणि त्या इमारतीचे फ्लॅट वर्षानुवर्षे बंद ठेवणे वेगळे. पहिल्याला आमचा नमस्कार.

मुंबईकरांना तर हे आम्ही सांगायलाच नको. १९८२ च्या संपातून गिरणगाव पुन्हा उठले नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी, तिसरा सार्वजनिक घरांसाठी ठेवायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता ठेवला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. दोनच महिन्यांनी इकडे मानुफाक्तुराचे दरवाजे उघडले. आपल्यातल्या कित्येकांचे वडील, आजोबा त्या गिरण्यांत होते. त्यांना जे सोसावे लागले ते दुसऱ्या देशातल्या गिरणीकामगारांच्या नातवंडांवर आपल्या पैशाने लादायचे का? १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांची घरे हिरावली गेली होती, त्यांना आपल्या माणसांनी थारा दिला. दोन देशांच्या मैत्रीच्या प्रत्येक समारंभात ही आठवण निघते. निघते तर तिला जागायलाही हवे.

पोलिश सरकारकडे आमची मागणी अशी की निवासी मालमत्तेचा कर किमतीवर लावा, राहत्या पहिल्या घराला सूट द्या आणि बंद घराला जास्तीत जास्त लावा. डाव्या पक्षांनी अशा प्रकारची मागणी वारंवार केली आहे. मोठे पक्ष निवडणुकीच्या भीतीने ती टाळतात. वूच महापालिकेकडे मागणी अशी की सार्वजनिक पैशाने दुरुस्त केलेली एकही इमारत विकू नका, हलवलेल्या प्रत्येक कुटुंबाला पूर्वीइतक्याच परवडणाऱ्या भाड्यात परत येण्याचा हक्क लेखी द्या, आणि रिकाम्या खोल्यांची दुरुस्ती आधी करा. इथे राहणाऱ्या मराठी माणसांनी या मागण्यांच्या सभांना, मोर्च्यांना जावे. भाषा येत नाही म्हणून घरी बसू नये. भाडे आपणही देतो.

आणि पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात, पणजीत, दुबईत बसून हे वाचणाऱ्यांनो, इथे राहायला यायचे असेल तर जरूर या, घर शोधायला आम्ही तुमच्याबरोबर फिरू. नुसती गुंतवणूक म्हणून फ्लॅट दाखवला गेला तर दलालाला चार गोष्टी लेखी मागा: या इमारतीत आधी कोण राहत होते आणि ते कुठे गेले, इमारत महापालिकेची होती तर कोणत्या व्यवहाराने खासगी झाली, जमिनीवर कोणाचा वारसाहक्काचा दावा किंवा बँकेचा बोजा आहे का, आणि याच प्रकल्पात गेल्या वर्षी विकलेल्या फ्लॅटांपैकी किती फ्लॅटांत आज माणसे राहतात. तोंडी उत्तर घेऊ नका. लेखी मिळाले नाही तर टोकन देऊ नका.

वूचमध्ये भाड्याने राहणाऱ्या मराठी माणसांच्या वतीने